खोट्या दातांचा बोल्ट

मी बोल्ट. हसू नका. तुमच्या पंख्यात, सायकलीत, खाटेच्या पायात माझे भाऊबंद तोंड मिटून धरून बसलेत, म्हणून तुम्ही धडपणे उठता-बसता. मी त्यांच्यातला नव्हे. मी काहीही धरून ठेवत नाही. मी खोटं बोलतो. तीस-पस्तीस वर्षं बोलतोय, आणि माझ्यावर विश्वास ठेवून किती खारी रश्शात गेल्या ते त्यांच्या नातेवाइकांना विचारा.

शिक्षणाचं म्हणाल तर कारखान्यात माझ्या डोक्यावर तीन रेघा ठोकल्या होत्या. मी त्या तीन यत्ता धरतो. माझा मालक ओझेमे दोनच शिकला. तेव्हा घरात शिकलेला म्हणून मीच.

सुरुवातीला मला एका भातकापणी यंत्राच्या पोटात बसवलं होतं. माझ्या अंगाला एक नट घट्ट आवळून होता. तिसऱ्या हंगामात त्याने हात सोडला आणि मी चिखलात पडलो. ओझेमे अनवाणी चालला होता, त्याच्या अंगठ्याला लागलो. आमची पहिली भेट ती. तो शिव्या देत होता आणि मी चिखलात होतो. पुढे त्यात फारसा फरक पडला नाही.

त्याने मला उचललं, विजारीला पुसलं, माझ्या आट्यांवरून नख फिरवलं आणि एकदम हसला. त्याच्या बापाकडे दोन गारगोट्या होत्या. म्हातारा त्या एकमेकींवर घासून खारी बोलवायचा. ओझेमेने खिशातून एक लाल चकती काढली. पत्त्यांच्या डावात सगळ्यांची नजर चुकवून उचललेली होती ती, म्हणजे खानदानी माझ्याच तोलाची. तिची कड त्याने माझ्या आट्यांवरून हलकेच ओढली. कुर्र. कुर्र-कुर्र. जरा थांबून, कुर्र.

खार हिकरीच्या झाडाचं टणक फळ कुरतडते तेव्हा अगदी असाच आवाज होतो. आणि खारीचा स्वभाव माणसासारखाच. शेजारी कोणी जेवतंय असं कानावर पडलं की तिला आपल्या पुढ्यातलं गोड लागत नाही. कोण खातंय, काय खातंय, आणि मला का नाही बोलावलं, हे बघायला ती फांदीफांदीने खाली येते. खाली ओझेमे छऱ्यांची बंदूक घेऊन बसलेला असतो. पाहुणचार तो करतो.

आमच्या लुइझियानाच्या पाणथळ रानात ऑक्टोबरचा पहिला शनिवार म्हणजे शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी जो घरी असेल तो आजारी तरी समजावा नाही तर परगावचा. आदल्या दिवशी शाळाही बंद. मास्तरच रानात, तर शिकवणार कोण? ज्याच्या त्याच्या नावाचं रानात एक खोपटं, खोपट्यात एक लांब टेबल, बाहेर चूल, चुलीवर काळं बिडाचं भांडं. आणि भांड्यावरून भांडण.

भांडण का, तर खारी एका जातीच्या नसतात. करडी खार लहानखुरी, कपटी. उजाडायच्या आत उठते, बुंध्याच्या पलीकडे चिकटते आणि तुम्ही फिराल तशी तीही फिरते. मांस मात्र कोवळं, अर्ध्या तासात हाड सोडतं. तांबडी दांडगी, मांजरीएवढी, आळशी. ऊन पाठीवर आल्याशिवाय घरट्याबाहेर पडायची नाही. तिचं मांस चिवट, तीन तास शिजवा. पण रस्सा असा उतरतो की ताटली चाटून पुसायला लागू नये. काळी खार तांबडीचीच बहीण, क्वचित दिसते. जो तिला मारतो तो तिची शेपटी गाडीच्या आरशाला बांधून वर्षभर गावात उगाच चकरा मारतो.

"करडी आणि तांबडी एकाच भांड्यात घालणारा माणूस," ओझेमे म्हणायचा, "लग्नाला आणि मयताला एकच सदरा घालून जातो."

हा टोमणा क्लेबेरला असायचा. क्लेबेर म्हणजे ओझेमेच्या बायकोचा, यूलाचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवायचा, त्यामुळे ओरडून बोलायची सवय.

"आणि दोन-दोन भांडी लावणारा," क्लेबेर ओरडायचा, "घासायला माझ्या बहिणीला लावतो!"

"चूल माझी आहे," यूला म्हणायची. "दोघं मिळून कांदे चिरा आणि तोंड बंद ठेवा."

खार कोवळी की जून, हे ओळखायची युक्ती सोपी. सोलण्याआधी कान ओढून बघायचा. सहज फाटला तर कोवळी. नाही फाटला तर म्हातारी, तिला रश्शात टाका. मग शेपटीवर बूट ठेवून असा एक हिसका द्यायचा की कातडं सदरा काढल्यासारखं निघून येतं. माणसांचे कानही असेच ओढून बघायची रीत असती, तर ओझेमेची गोष्ट फार आधी उघडी पडली असती.

कारण ती आधी मला कळली होती. एकट्या मला.

पूर्वी तो मला घासायचा तो तान्ह्या बाळाचं जावळ विंचरावं तसा. मग हात जरा जड झाला. पुढच्या वर्षी आणखी जड. शेवटी तर तो चकती माझ्यावर अशी खरडायचा की जणू करपलेलं भांडं घासतोय. अख्ख्या रानात कोणतीही खार असं जेवत नाही. खारी ऐकायच्या आणि पळायच्या. ओझेमे मला कानाशी धरायचा, पुन्हा खरडायचा, डोळे बारीक करून माझ्याकडे बघायचा.

"आटे झिजले याचे," तो म्हणायचा.

माझे? तीन रेघांचं पोलाद मी! झिजले होते त्याचे कान, आणि नाव माझं. तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याविषयी अढी बसली.

खारीची शिकार डोळ्याने होते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही शहरातले. ती कानाने होते. टरफलं पानांवर टपटपतात, ओली फांदी हलली की थेंब गळतात, बुंध्यावर नखं खसखसतात. ओझेमेला यातलं काहीच ऐकू येईना. सलग दोन वर्षं तो पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतला. दोष दिला हवेला, ससाण्यांना, मला आणि क्लेबेरला, याच क्रमाने.

तिसऱ्या वर्षी टोपीचा प्रकार घडला.

क्लेबेर बुटक्या ताडांच्या गचपणातून येत होता. डोक्याला तांबूस फरची टोपी. ओझेमेची नळी आपल्याकडे वळलेली त्याने पाहिली आणि बसमधला आवाज लावला. "भावजी, मी आहे! भावजी! अरे, मी!" तीनदा ओरडला. पलीकडच्या खोपट्यातली माणसंसुद्धा बाहेर आली. ओझेमेने चाप ओढला.

टोपीच्या शेंड्याला सात भोकं. केस दोन-चार गेले, तसेही थोडेच होते.

"मारतोस मला?" क्लेबेर चिखलात बसून किंचाळला. "तीनदा ओरडलो!"

मी ओझेमेच्या मुठीत होतो. बंदूक त्याच्या हातून केव्हाच खाली पडली होती. "मला ऐकू आलं नाही" असं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा त्याला खुनी म्हणवून घेणं बरं वाटलं. असली असते माणसाची ऐट.

"टोपी खारीसारखी आहे तुझी," तो म्हणाला. "आणि तोंडही."

क्लेबेर पुढे धावला. ओझेमेच्या हातात दुसरं काही नव्हतं, त्याने मला फेकून मारलं. क्लेबेरच्या खांद्यावर आपटून मी खाली पडलो. त्याने मला उचललं, खिशात टाकलं आणि तो निघून गेला. चकती ओझेमेकडे राहिली.

मग वर्षभर मी क्लेबेरच्या खणात, त्या भोकं पडलेल्या टोपीच्या आत. रोज सकाळी तो खण उघडायचा, भोकांत बोटं घालून बघायचा, ओझेमेचं नाव घेऊन खिडकीबाहेर थुंकायचा आणि मग बसवर जायचा. देवाची प्रार्थनाही इतक्या नेमाने कोणी करत नाही.

इकडे यूलाने नवऱ्याला बजावलं होतं. ही बातमी गावभर झाली होती, कारण ती काही हळू बोलत नाही. का, ते आता तुम्हाला कळलं असेलच: हळू बोललेलं नवऱ्यापर्यंत पोचायचं नाही. "म्हाताऱ्या, दोन वर्षं हात हलवत आलास, तिसऱ्या वर्षी माझ्या भावाच्या टोपीची चाळण केलीस. तुझं काहीतरी बिघडलंय, आणि तू मला सांगत नाहीस. यंदा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सहा खारी आण. नाही आणल्यास तर बंदूक देऊन टाकीन आणि तुला बखोटीला धरून शहरातल्या डॉक्टरकडे नेईन."

ओझेमेसारख्या माणसाची बंदूक काढून घेणं म्हणजे त्याला जिवंतपणी खुंटीला टांगणं. क्लेबेरने हे ऐकलं आणि वर्षात पहिल्यांदा हसला. मला खणातून काढून तेल लावलं.

त्याचा बेत ऐका, मला तर फार आवडला. ओझेमे नेहमीच्या ओकच्या झाडाखाली बसणार. क्लेबेर त्याच्या पाठीमागे लपून मला घासणार. ओझेमेला वाटणार, मागे दलदलीत खार खातेय. तो उठून आवाजामागे जाणार, क्लेबेर सरकत पुढे जाणार. असं कमरेएवढ्या चिखलात दुपारपर्यंत फिरवायचं. सहा सोडा, एकही मिळता कामा नये.

"पाठीमागेच बसणार मी," क्लेबेर मला सांगत होता. "पुढे बसून एकदा बघितलंय."

उजाडलं. ओझेमे ओकला टेकून बसला. चाळीस पावलांवर, सरूच्या जाड बुंध्याआड क्लेबेर. त्याने एक नाणं काढलं आणि माझ्यावर ओढलं. हात हलका होता त्याचा. कित्येक वर्षांनी मी इतकं सुरेख खोटं बोललो.

ओझेमे हलला नाही.

"सोंग करतोय," क्लेबेर पुटपुटला. पुन्हा घासलं. ओझेमे दाढी खाजवत होता.

पण खारींना कान होते. डोक्यावर पानं हलली. एक करडी खाली आली, माझ्याकडे यायला निघाली, आणि तिची वाट नेमकी ओझेमेच्या डोळ्यांसमोरून गेली. डोळे शाबूत होते त्याचे. धडाम. एक झाली.

"हरामखोर!" क्लेबेर दातांतल्या दातांत म्हणाला. रान शांत झाल्यावर तो तीस पावलांवर सरकला आणि पुन्हा घासलं. ओझेमे हलला नाही. दुसरी खार आली. धडाम. क्लेबेर आणखी पुढे. जेवढा तो चिडून घासायचा, तेवढं मी गोड बोलायचो, आणि तेवढ्या खारी यायच्या. ऊन चढल्यावर तांबड्याही जांभया देत आल्या. साडेनऊपर्यंत ओझेमेसमोर सात खारी ओळीने पडल्या होत्या. चार करड्या, तीन तांबड्या. क्लेबेरने त्याला घरपोच दिल्यासारख्या.

आता क्लेबेर त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर होता. तो उभाच राहिला.

"भावजी," तो साध्या आवाजात म्हणाला.

काही नाही.

"भावजी, तुझ्या टोपीला आग लागलीय."

काही नाही.

मग त्याने ओझेमेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते शब्द मी लिहीत नाही, तुमच्या घरात मुलं असतील. ओझेमे शांतपणे एका खारीचा कान ओढून बघत होता.

क्लेबेरने डोक्यावरची टोपी काढली. तीच, भोकांची. एका भोकात बोट घातलं आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता हा रडणार. छे. तो लालबुंद झाला.

"म्हणजे मी वर्षभर..." तो म्हणाला. "रोज सकाळी... अरे, फुकट! सगळा राग फुकट गेला माझा!"

दुपारी खोपट्यात टेबल भरलं. भात, वर तांबूस रस्सा, कांदा आणि ढोबळी मिरची त्यात विरघळलेली. दोन भांडी लावली होती, आज ओझेमेचं राज्य होतं. यूलाने सात शेपट्या मोजल्या होत्या. तिने बंदूक परत खुंटीला लावली आणि खारींची डोकी नवऱ्याच्या ताटलीत वाढली. आमच्याकडे तो मान सगळ्यात चांगल्या शिकाऱ्याचा. चमच्याने टाळू फोडायची आणि भेजा चोखून घ्यायचा.

"सात!" बोळका शेजारी ओलिदॉन म्हणाला. "काय रे, बाजारातून आणल्यास की काय?"

ओझेमे हसत होता. त्याला ओलिदॉनचं काही ऐकू आलं नव्हतं, फक्त बोळकं हलताना दिसलं होतं. क्लेबेर खाली मान घालून जेवत होता. क्लेबेर आणि गप्प! तेवढंही यूलाच्या नजरेतून सुटलं नाही.

तो भाताकडे वाकला आणि मी त्याच्या वरच्या खिशातून निसटलो. पत्र्याच्या ताटलीवर पडलो. ठण्ण! सगळं टेबल दचकलं. ओलिदॉनच्या हातून चमचा पडला.

ओझेमे टाळू चोखत होता.

यूलाने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग मला उचललं.

"हा याचा बोल्ट. तुझ्या खिशात काय करतोय?"

क्लेबेरने एकदा ओझेमेकडे पाहिलं, एकदा खुंटीवरच्या बंदुकीकडे. खरं सांगितलं की बंदूक जाणार. वर्षभर त्याने हेच तर मागितलं होतं.

"चोरला," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी त्याने तो तुला फेकून मारला. सगळ्या गावाला माहीत आहे. आज खिशात कशाला?"

"आणला असाच."

"क्लेबेर, तुला खोटं बोलता येत नाही. ते काम या बोल्टचं." तिने ओझेमेच्या ताटलीशेजारी ठेवलेली लाल चकती अलगद उचलली. ती त्याच्या पाठीमागे गेली आणि तिने मला घासलं.

कुर्र. कुर्र-कुर्र.

टेबलाखालची म्हातारी कुत्री उठली, दारातून सुसाट बाहेर गेली आणि समोरच्या झाडावर पंजे टाकून भुंकायला लागली. ओझेमे जेवत होता. यूलाने हात त्याच्या कानाशी नेला. कुर्र-कुर्र. तो जेवत होता.

मग त्याला लोकांचे चेहरे दिसले. दारातून कुत्री दिसली. त्याने हळूच मान वळवली, आणि यूलाच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात चकती.

आता कोणी बोलून उपयोग नव्हता.

ओझेमेने चमचा ठेवला. क्लेबेरच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत राहिला. मग फार मोठ्याने बोलला, बहिरे बोलतात तसा. "तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं."

"माहीत आहे," क्लेबेर म्हणाला.

तेही त्याला ऐकू आलं नाही.

यूला खुंटीकडे वळली. बंदूक काढली. क्लेबेर खुर्ची मागे ढकलून उठला.

"ताई, ठेव ती. मी बसत जाईन त्याच्या मागे."

"तू? त्याचं नाव घेतलं की थुंकतोस तू!"

"अजूनही थुंकेन. म्हणून तर म्हणतोय. दुसरा कोणी कंटाळून उठून जाईल. मी नाही जाणार."

रस्सा निवला तरी कोणी जेवेना. शेवटी यूलाने निकाल दिला, आणि तो हातवारे करून, ओरडून नवऱ्याच्या डोक्यात भरला. बोल्ट क्लेबेरकडे. चकती ओझेमेकडे. दोघं एकत्र बसले तरच खारी येणार. क्लेबेरने खांदा दाबला तरच चाप ओढायचा. एकटा गेला तर बंदूक नदीत. आणि सोमवारी डॉक्टर.

डॉक्टरने कानात यंत्र घातलं. रानात त्यातून फक्त डास ऐकू येतात, असं सांगून ओझेमेने ते तंबाखूच्या डब्यात ठेवून दिलं.

त्याला आता चार हंगाम झाले. सलोखा झाला असं समजू नका. दोघं ओकखाली बसतात, एक पुढे, एक मागे. ओझेमे खांद्यावरून चकती मागे देतो, वळूनसुद्धा बघत नाही. क्लेबेर मला घासतो आणि त्याच लयीत कुजबुजत ओझेमेला शिव्या देतो. "हेकट. कुर्र. रेड्या. कुर्र-कुर्र. डोकी एकटाच खातोस. कुर्र." खार आली की खांदा दाबतो, जरुरीपेक्षा जरा जोरात. करडी-तांबडीचं भांडण तसंच आहे. खोपट्यात कोण काय म्हणालं ते ओझेमे आता फक्त क्लेबेरच्या तोंडाकडे बघून ओळखतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

खारींनो, तुम्हाला एवढंच सांगतो. रानात कोणी चवीने खातंय असं ऐकलं तर बघायला येऊ नका. याल म्हणा, मला खात्री आहे.

आणि वाचकहो, तुम्हाला एक विनंती. परवा क्लेबेरने मला घासलं. जरा जोरात. मग आणखी जोरात. वरची करडी खार पळाली. त्याने मला कानाशी धरलं, डोळे बारीक केले आणि पुटपुटला, "आटे झिजले याचे."

तेवढं यूलाला सांगू नका.